धुराची किंमत : कॅनडाच्या एका कायद्याची कहाणी

कारखान्याच्या धुराड्यांतून धूर बाहेर पडतो त्याबद्दल कारखानदाराला कांहीं द्यावें लागत नाहीं. कोळसा त्यानें विकत आणलेला असतो, मजुरांची मजुरी चुकती केलेली असते, जमिनीचा सारा भरलेला असतो. धूर तेवढा फुकट जातो. परंतु जगांत फुकट असें कांहींच नसतें. एकानें न दिलेली किंमत दुसऱ्या कोणाला तरी द्यावीच लागते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंग्लंडांतील मँचेस्टर शहरांत एक साधी चौकशी झाली होती. गिरण्यांच्या या शहरांतील कुटुंबांना कपडे धुण्यासाठीं दर आठवड्याला काय खर्च येतो आणि निर्मळ हवेच्या हॅरोगेट गांवीं तो किती येतो, याची तुलना करण्यांत आली. मँचेस्टरच्या गृहिणीला अधिक खर्च येत होता. तो अधिक खर्च म्हणजे गिरणीच्या हिशेबवहींत कधींच न चढलेली रक्कम होती; ती घराघरांतील धुलाईच्या हिशेबांत चढत होती.

केंब्रिज विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथांत या गोष्टीला शास्त्रीय रूप दिलें. ज्या उद्योगामुळें तिऱ्हाइताचें नुकसान होतें, त्यावर त्या नुकसानीच्या मानानें कर बसवावा, म्हणजे वस्तूची बाजारांतील किंमत खरें बोलूं लागेल, असा त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता. पुढें १९६८ मध्यें टोरोंटो विद्यापीठांतील जॉन डेल्स यांनीं दुसरी वाट दाखविली. एकंदर किती घाण हवेंत वा पाण्यांत सोडूं द्यावयाची याची मर्यादा सरकारनें आंखून द्यावी आणि त्या मर्यादेंतील हक्क कारखानदारांनीं आपसांत खुशाल विकावे व विकत घ्यावे. ज्याला सुधारणा स्वस्तांत करतां येते तो ती करील व हक्क विकील; ज्याला ती महाग पडते तो हक्क विकत घेईल. एका मार्गांत सरकार किंमत ठरवितें, दुसऱ्यांत परिमाण ठरवितें. कॅनडानें पुढें जो कायदा केला तो या दोन्ही वाटांचें कलम आहे.

परंतु पिगू यांच्या डोळ्यांसमोर होती ती काजळी. काजळी दिसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते आणि ज्या गांवीं निघते त्याच्या आसपासच बहुधा पडते. कोळसा, तेल वा नैसर्गिक वायु जळतांना जो दुसरा वायु निघतो, ज्याला रसायनशास्त्र कार्बन डायॉक्साइड म्हणतें व मराठींत ज्याला कर्बवायु म्हणतां येईल, तो दिसत नाहीं, त्याला वास नाहीं आणि तो कोणत्याहि एका गांवचा राहत नाहीं. तो साऱ्या पृथ्वीच्या वातावरणांत मिसळतो, त्याचा मोठा अंश शतकेंच्या शतकें तेथें टिकतो आणि पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. एकाच्या धुराड्याचें बिल येथें साऱ्या जगाच्या, आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या, नांवें फाडलें जातें. फिनलंडनें १९९० मध्यें व स्वीडननें १९९१ मध्यें या वायूवर कर बसविला. युरोपीय संघानें २००५ मध्यें हक्कांचा बाजार सुरू केला. तत्त्व सर्वांना पटत होतें. अडचण व्यवहाराची होती. आपल्या देशांत धुराला किंमत लावली आणि शेजारच्या देशांत तो फुकटच राहिला, तर सिमेंटचा वा पोलादाचा कारखाना सीमा ओलांडून तिकडे जाणार नाहीं काय? तसें झालें तर रोजगार जाईल आणि धूर मात्र होता तितकाच राहील.

ही अडचण कॅनडाइतकी तीव्रतेनें फार थोड्या देशांना भासली असेल. त्याचा शेजारी अमेरिका, आणि व्यापाराचा मोठा भाग त्या शेजाऱ्याशींच. शिवाय घरांतलें भांडण वेगळेंच. १८६७ च्या घटनेनें कॅनडाचें संघराज्य झालें. जमीन, जंगल, खाणी यांची मालकी प्रांतांकडे ठेवण्यांत आली. अल्बर्टा या पश्चिमेकडील प्रांताला ती १९३० मध्यें मिळाली. याच अल्बर्टांत पुढें तेलाची अफाट संपत्ति हातीं आली. तेथील वाळूंत मिसळलेलें जाड डांबरी तेल काढावयाचें तर प्रचंड उष्णता लागते, व उष्णता म्हणजे कर्बवायु. १९८० मध्यें पीएर त्रूदो यांच्या संघसरकारनें राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम जाहीर करून तेलाच्या किंमतींत व उत्पन्नांत हात घातला. त्याचा सल अल्बर्टाच्या मनांत पिढ्यान्‌पिढ्या राहिला. १९९७ च्या क्योटो करारावर कॅनडानें डिसेंबर २००२ मध्यें शिक्कामोर्तब केलें तेव्हां अल्बर्टानें कडाडून विरोध केला. शेवटीं दिलेलें वचन पाळणें होत नाहीं असें पाहून कॅनडानें डिसेंबर २०११ मध्यें त्या करारांतून अंग काढून घेण्याचें जाहीर केलें.

इतिहासाची गंमत अशी कीं, उत्तर अमेरिकेंत मोठ्या कारखान्यांच्या कर्बवायूला पहिली किंमत लावली ती याच अल्बर्टानें. आपल्या घरचा कायदा आपण केला नाहीं तर ऑटावाचा कायदा येऊन बसेल, ही धास्ती त्यामागें होती. २००३ मध्यें प्रांतानें मूळ कायदा केला आणि १ जुलै २००७ पासून त्याचे नियम अमलांत आले. वर्षाला १ लाख टनांहून अधिक वायु सोडणाऱ्या प्रत्येक कारखान्यानें आपल्या मालाच्या दर एककामागें निघणारा वायु पूर्वीच्या मानानें १२ टक्क्यांनीं कमी करावा, असा दंडक झाला. ज्याला हें साधणार नाहीं त्याच्यापुढें तीन वाटा होत्या. ज्या कारखान्यानें दंडकाहून अधिक बचत केली त्याच्याकडून जमापत्रें विकत घ्यावीं. किंवा जमीन कमी नांगरून मातींत कर्ब राखणाऱ्या शेतकऱ्यांसारख्यांकडून तीं घ्यावीं. किंवा दर टनामागें १५ डॉलर प्रांताच्या निधींत भरावे. तो पैसा नवीन यंत्रविद्येच्या शोधासाठीं खर्च व्हावयाचा होता.

हा कायदा सौम्य होता, हें उघड आहे. पहिल्या ८८ टक्के वायूबद्दल कांहींच द्यावयाचें नव्हतें. उरलेल्या १२ टक्क्यांबद्दल १५ डॉलर. एकंदर वायूवर वांटणी केली तर दर टनामागें १ डॉलर ८० सेंट पडत. तेलाच्या धंद्याला हा भार म्हणजे हत्तीच्या पाठीवर माशी बसण्यासारखेंच. टीकाकारांनीं त्याला देखावा म्हटलें. पण सौम्य कायद्यानेंहि एक मोठें काम केलें. त्यानें कारखान्यांना मोजावयास शिकविलें. कोणत्या भट्टींतून किती वायु जातो याची नोंद, तिची तपासणी, जमापत्रांची पेढी, तीं तपासणारे हिशेबनीस, हें सगळें यंत्र उभें राहिलें. ज्या वस्तूचें मोजमाप नाहीं तिची किंमत ठरत नाहीं. आणि एकदां मोजमाप बसलें कीं किंमत वाढविणें हा केवळ एक आंकडा बदलण्याचा प्रश्न उरतो.

पुढच्याच वर्षीं, १ जुलै २००८ रोजीं, ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें दुसऱ्या टोंकाचा प्रयोग केला. तेथें मोठा कारखाना नि लहान घर असा भेद नव्हता. पेट्रोल, घर ऊबदार ठेवण्याचा वायु, कोळसा, ज्या ज्या इंधनांतून कर्बवायु निघेल त्या प्रत्येकावर दर टनामागें १० डॉलर कर. तो वाढत वाढत २०१२ मध्यें ३० डॉलर झाला. या कराचें उत्पन्न इतर कर कमी करून लोकांना परत देण्याची हमी होती. अर्थशास्त्रज्ञांनीं या प्रयोगाची वाहवा केली. परंतु त्याच वर्षीं संघाच्या निवडणुकींत लिबरल पक्षाचे नेते स्तेफान दिआँ यांनीं अशीच योजना साऱ्या देशापुढें मांडली आणि त्यांचा पराभव झाला. घरोघरच्या मतदाराच्या डोळ्यांत भरणारी किंमत निवडणुकींत काय करते याची ही पहिली सूचना होती. ती पुष्कळांनीं ऐकली नाहीं.

२०१५ मध्यें ऑटावांत जस्टिन त्रूदो पंतप्रधान झाले. १९८० च्या ऊर्जा कार्यक्रमाचे कर्ते पीएर त्रूदो यांचे ते चिरंजीव. त्याच वर्षीं अल्बर्टांत रेचल नॉटली यांचें सरकार आलें व त्यानें कारखान्यांवरील दर वाढविला. ऑक्टोबर २०१६ मध्यें त्रूदो यांनीं पार्लमेंटांत जाहीर केलें कीं, प्रत्येक प्रांतानें कर्बवायूला किंमत लावावी. पद्धति त्यानें स्वतः निवडावी. जो निवडणार नाहीं त्याच्यासाठीं संघसरकार निवडील. २१ जून २०१८ रोजीं या धोरणाचा कायदा मंजूर झाला. त्याचे दोन भाग होते, आणि पुढच्या सात वर्षांचा सारा इतिहास या दोन भागांच्या निरनिराळ्या नशिबाचा इतिहास आहे.

पहिला भाग इंधनावरील आकार. तो १ एप्रिल २०१९ पासून, स्वतःची पद्धति नसलेल्या चार प्रांतांत, दर टनामागें २० डॉलर या दरानें सुरू झाला. दुसरा भाग मोठ्या कारखान्यांचा. त्याची रचना अल्बर्टाच्या अनुभवावरून घेतलेली होती. ती नीट समजून घेण्यासाठीं एक कल्पित उदाहरण घ्यावें. समजा, एका कारखान्यांत वर्षाला १० लाख टन सिमेंट होतें व दर टन सिमेंटमागें ८०० किलो कर्बवायु निघतो. म्हणजे एकूण ८ लाख टन वायु. सरकारनें या धंद्याचें प्रमाण दर टनामागें ७६० किलो ठरविलें असेल, तर कारखान्याला ७ लाख ६० हजार टनांची सूट मिळते आणि फक्त ४० हजार टनांबद्दल पैसे भरावे लागतात. २० डॉलरच्या दरानें हे ८ लाख डॉलर होतात. साऱ्या वायूवर कर असता तर १ कोटि ६० लाख डॉलर झाले असते, आणि कारखान्याच्या मालकानें सीमेपलीकडे जागा पाहिली असती.

मग ही कारखानदाराला दिलेली सवलतच नव्हे काय? दिसतें तसें, पण मर्म वेगळें आहे. त्या कारखान्यानें आपल्या भट्टींत सुधारणा करून एक टन वायु कमी केला तर त्याचे पुरे २० डॉलर वांचतात. प्रमाणाच्याहि खालीं तो गेला तर उरलेल्या प्रत्येक टनाचें जमापत्र त्याला मिळतें व तें तो विकूं शकतो. म्हणजे एकंदर ओझें हलकें, पण सुधारणेचें बक्षीस पूर्ण. आणखी एक गोष्ट अशी कीं, सूट मालाच्या उत्पादनाबरोबर वाढते व कमी होते. कारखाना बंद केला तर सूटहि जाते. म्हणून कारखाना येथेंच चालवावा आणि स्वच्छ चालवावा, असा दुहेरी मोह कारखानदाराला पडतो. धंदा व हवा या दोघांनाहि सांभाळण्याची ही युक्ति होती.

प्रांतांनीं लढाई न्यायालयांत नेली. सस्कॅचेवनच्या व ऑन्टॅरिओच्या वरिष्ठ न्यायालयांनीं २०१९ मध्यें कायदा वैध ठरविला. अल्बर्टाच्या न्यायालयानें फेब्रुवारी २०२० मध्यें तो अवैध ठरविला. २५ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन अशा मतांनीं निकाल दिला. सरन्यायाधीश रिचर्ड वॅग्नर यांनीं बहुमताचा निकाल लिहिला. एका प्रांतानें धूर फुकट सोडला तर इतर प्रांतांची सारी खटपट वायां जाते आणि तें थोपविणें त्या इतरांच्या हातांत नसतें. म्हणून किमान किंमत ठरविणें हा सबंध राष्ट्राचा प्रश्न आहे आणि संघाला त्याचा अधिकार आहे, असें बहुमतानें ठरविलें. इंधनावरील हा आकार घटनेच्या अर्थानें कर नसून वर्तनाला वळण लावणारें शुल्क आहे, असाहि निर्णय झाला. विरुद्ध मताच्या तिघांपैकीं दोन न्यायाधीशांना मात्र ही प्रांतांच्या अधिकारावरील घाला घालण्याची वाट वाटली. मतभेद खरा होता. घटनेच्या दोन्ही बाजूंना वजन होतें.

न्यायालयानें कायद्याला जीवदान दिलें, पण न्यायालय लोकांचें मन वळवूं शकत नाहीं. मधल्या काळांत अल्बर्टांत २०१९ मध्यें जेसन केनी निवडून आले तेच मुळीं प्रांताचा घरगुती कर्बकर रद्द करण्याच्या वचनावर; आणि अधिकारावर येतांच त्यांनीं तो रद्द केला. परंतु कारखान्यांवरील किंमत त्यांनीं काढली नाहीं. तिचें नांव व नियम बदलून १ जानेवारी २०२० पासून त्यांनीं ती चालू ठेवली. ज्या सरकारचा जन्मच कर्बकराच्या विरोधांतून झाला, त्यानेंहि कारखान्यांच्या किंमतीला हात लावूं नये, हा अपघात नव्हता. ती काढली असती तर संघाची किंमत येऊन बसली असती. शिवाय तिचा पैसा प्रांतांतच राहत होता, आणि मोठ्या कंपन्यांनीं बारा वर्षांत आपले हिशेब तिच्या बेतानें बसविले होते.

घराची किंमत मात्र दिवसेंदिवस डोळ्यांत खुपूं लागली. तिचें सुमारें ९० टक्के उत्पन्न कुटुंबांना परत मिळत असे. पण तें मिळत होतें कसें? प्रथम तें वार्षिक प्राप्तिकराच्या हिशेबांत मिसळून गेलें. २०२२ पासून दर तिमाहीला बँकेंतील खात्यांत जमा होऊं लागलें, पण पुष्कळांना ती रक्कम कशाची हेंच उमगेना. पेट्रोलच्या पंपावर जें जातें तें दर आठवड्याला दिसतें; खात्यांत जें येतें तें दिसत नाहीं. त्यांतच ऑक्टोबर २०२३ मध्यें घरें ऊबदार ठेवण्यासाठीं तेल जाळणाऱ्यांना तीन वर्षांची सूट देण्यांत आली. असें तेल मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांत जळतें. पश्चिमेकडील कुटुंबें नैसर्गिक वायु जाळतात. ज्या किंमतीचें सारें बळ ती सर्वांना सारखी असण्यांत होतें, तिला सरकारनें स्वतःच भोंक पाडलें. सस्कॅचेवननें जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरील आकार गोळा करणेंच बंद केलें. लोक दोन्ही किंमतींची गल्लत करीत होते यांत नवल नाहीं. खुद्द पार्लमेंटच्या अर्थविषयक तपासनिसाच्या कचेरीला एप्रिल २०२४ मध्यें कबूल करावें लागलें कीं, घरगुती आकाराचा देशावर होणारा परिणाम मोजतांना आपण कारखान्यांच्या किंमतीचा परिणामहि चुकून त्यांत धरला.

'कर छाटा' ही विरोधी पक्षनेते पीएर पॉलिएव्हर यांची घोषणा घरोघर गेली. जानेवारी २०२५ मध्यें त्रूदो यांनीं पदत्याग जाहीर केला. त्यांच्या जागीं आलेले मार्क कार्नी हे दोन देशांच्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर राहिलेले अर्थपंडित होते, आणि कर्बवायूला किंमत असावी या मताचे. तरीहि १४ मार्च २०२५ रोजीं अधिकार हातीं घेतांच त्यांनीं पहिल्याच दिवशीं घरगुती इंधनावरील आकार शून्य करण्याचा हुकूम काढला. १ एप्रिलपासून तो बंद झाला. ब्रिटिश कोलंबियानेंहि त्याच दिवसापासून आपला सतरा वर्षांचा घरगुती कर उठविला. कारखान्यांची किंमत कार्नी यांनीं कायम ठेवली. पॉलिएव्हर यांनीं तीहि उठविण्याचें वचन दिलें. पण २८ एप्रिलच्या निवडणुकींत त्यांच्या पक्षाला बहुमत मिळालें नाहीं.

अशा रीतीनें एकाच कायद्याच्या दोन भागांपैकीं एक गेला व एक राहिला. जो राहिला त्याची फलश्रुति काय? अल्बर्टांत २०१४ मध्यें निम्म्याहून अधिक वीज कोळशावर होत होती. २०१८ पासून प्रांतानें विजेचें प्रमाण उत्तम प्रतीच्या वायुकेंद्राइतकें, म्हणजे दर मेगावॅट-तासाला ०·३७ टन, ठरविलें. कोळशाच्या केंद्राला प्रत्येक एककामागें दंड पडूं लागला, वाऱ्यावर चालणाऱ्या केंद्राला जमापत्रें मिळूं लागलीं. नैसर्गिक वायु स्वस्त होता, आणि २०३० पर्यंत कोळसा बंद करण्याचें ठरलेलेंच होतें. या तिन्ही कारणांनीं मिळून शेवटचें कोळशाचें केंद्र जून २०२४ मध्येंच, मुदतीच्या सहा वर्षें आधीं, वायूवर गेलें. एडमंटन शहराजवळ स्कॉटफर्ड येथें २०१५ पासून दरवर्षीं सुमारें १० लाख टन कर्बवायु पकडून जमिनीखालीं सुमारें २ किलोमीटर खोल पुरण्यांत येऊं लागला; त्या प्रकल्पाला सरकारी अनुदानाच्या जोडीला जमापत्रांचें उत्पन्न मिळालें. ही किरकोळ फळें नव्हेत.

तरीहि या किंमतीचें एक दुखणें आहे आणि तें तिच्या गाभ्यांतच आहे. संघानें आंखलेल्या मार्गानें दर वाढत २०२५ मध्यें ९५ डॉलर झाला व २०३० मध्यें तो १७० व्हावयाचा होता. परंतु कारखान्यानें ९५ डॉलर भरलेच पाहिजेत असें नाहीं. बाजारांत जमापत्र स्वस्त मिळत असेल तर तो तें घेऊन देणें चुकतें करतो. अल्बर्टांत प्रमाणें सैल राहिलीं, जमापत्रांचे ढीग सांचले, आणि २०२५ मध्यें त्यांचा बाजारभाव ९५ डॉलरच्या निम्म्याहूनहि पुष्कळ खालीं गेला. दुकानावरील पाटी ९५ ची आणि गल्ल्यावरचा भाव वेगळाच, अशी ही अवस्था झाली. मे २०२५ मध्यें अल्बर्टानें पाटीवरचा आंकडाहि ९५ वर गोठविला. सस्कॅचेवननें तर एप्रिलपासून आपल्या कारखान्यांची किंमत शून्य केली होती.

येथें या साऱ्या इतिहासाचें मर्म आहे. कर्बवायु पकडण्याचें यंत्र, नवीन पद्धतीची भट्टी, यांचा हिशेब वीस-तीस वर्षांचा असतो. असें यंत्र बसविणारा मनुष्य आजचा दर पाहत नाहीं. दहा वर्षांनंतर हा दर असेल काय हें पाहतो. सरकारें चार वर्षांनीं बदलतात. म्हणून धुराची किंमत म्हणजे केवळ एक आंकडा नव्हे. तें राज्यानें दिलेलें वचन आहे, आणि वचनाचें मोल त्याच्यावरील विश्वासाइतकेंच असतें. ही गोष्ट संघसरकारनेंहि ओळखली. त्याच्या एका गुंतवणूक निधीनें डिसेंबर २०२३ मध्यें कॅलगरीच्या एका कंपनीशीं पंधरा वर्षांचा करार करून पकडलेल्या वायूबद्दल दर टनास ८६ डॉलर ५० सेंट भावाची हमी दिली. पुढील सरकारनें दर पाडला तर तोटा सरकारी निधीनें सोसावा, असा त्याचा अर्थ. सरकारनें आपल्याच वचनासाठीं स्वतः जामीन राहावें असा हा प्रकार! पण तो हास्यास्पद नव्हे. तो वचन कोठें कच्चें आहे हें दाखवितो.

२७ नोव्हेंबर २०२५ रोजीं कार्नी व अल्बर्टाच्या मुख्य प्रधान डॅनिएल स्मिथ यांनीं एका सामंजस्यपत्रावर सह्या केल्या. अल्बर्टानें आपल्या बाजारांतील प्रत्यक्ष किंमत, म्हणजे पाटीवरची नव्हे तर गल्ल्यावरची, किमान १३० डॉलरपर्यंत नेण्याचें मान्य केलें. त्याच्या बदल्यांत संघानें पश्चिम किनाऱ्यापर्यंतच्या नव्या तेलनळाला अनुकूलता दाखविली आणि तेल-वायूच्या धंद्यावर घालावयाची उत्सर्जनाची स्वतंत्र मर्यादा सोडून दिली. त्याच दिवशीं माजी पर्यावरणमंत्री स्टीव्हन गिलबो मंत्रिमंडळांतून बाहेर पडले. एका बाजूला हा व्यवहारचातुर्याचा विजय वाटला, तर दुसऱ्या बाजूला तत्त्वाची विक्री. दोघांनाहि एक गोष्ट नाकारतां येत नाहीं: १९८० मध्यें जो संघ व जो प्रांत तेलाच्या भावावरून भांडले, ते २०२५ मध्यें धुराच्या भावावर घासाघीस करीत होते. धुराला भाव असावा कीं नसावा हा वाद मागें पडला होता. भाव किती, एवढाच उरला होता.

ही कहाणी दूरदेशची असली तरी तिचा धागा हिंदुस्थानपर्यंत येतो. भारतानें २०२२ मध्यें ऊर्जासंवर्धनाचा कायदा दुरुस्त केला व २०२३ मध्यें कर्ब-जमापत्रांच्या व्यापाराची योजना जाहीर केली. ऑक्टोबर २०२५ मध्यें सिमेंट, ॲल्युमिनियम, क्लोर-अल्कली आणि कागद या चार धंद्यांसाठीं पहिलीं प्रमाणें ठरलीं. या योजनेचीहि मांडणी अल्बर्टाच्याच धर्तीची आहे: एकंदर धुरावर मर्यादा नाहीं, मालाच्या दर टनामागें किती धूर एवढेंच मोजावयाचें, जो प्रमाणाखालीं जाईल त्याला जमापत्र, जो वर राहील त्यानें तें विकत घ्यावें. चंद्रपूर जिल्ह्यांतील सिमेंटच्या भट्ट्यांसारख्या भट्ट्यांना कॅनडांतील भट्ट्यांचा धडा म्हणून परका नाहीं. प्रमाण सैल ठेवलें तर जमापत्रांचे ढीग पडतात व किंमत नांवापुरती उरते. तें एकदम आवळलें तर कारखाना कुरकुरतो. आणि दर चार वर्षांनीं तें बदललें तर कोणीहि त्यावर विसंबून नवें यंत्र बसवीत नाहीं.

मँचेस्टरच्या गृहिणीनें धुलाईचा वाढीव खर्च वर्षानुवर्षें मुकाट्यानें भरला, कारण गिरणीनें आपल्याकडून पैसे घेतले हें तिला दिसलेंच नाहीं. कॅनडांतील मतदारानें पेट्रोलवरील आकार उलथून टाकला, कारण तो त्याला दिसत होता. न दिसणारी किंमत लोक सोसतात आणि दिसणारी फेंकून देतात, हा मनुष्यस्वभाव आहे. कारखान्यांवरील किंमत टिकली ती या स्वभावाच्या आडोशानें. पण आडोशाला वाढलेलें झाड मोठें व्हावयाचें तर त्याला केव्हांतरी उजेडांत यावें लागतें. ज्या दिवशीं लोक समजून-उमजून म्हणतील कीं, धुराची किंमत ज्यानें धूर केला त्यानेंच द्यावी, मग तिचा कांहीं अंश आपल्या सिमेंटच्या गोणींतून आपल्यालाहि द्यावा लागला तरी हरकत नाहीं, त्या दिवशीं तें वचन पक्कें होईल. तोंपर्यंत तें दर निवडणुकीला नव्यानें द्यावें लागेल.